पावलावरची नाडी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी माणूस समोर आला की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते. नव्या ओळखीच्या लोकांना वाटतं, मेश्राम बाई फार नम्र आहेत, मान खाली घालून बोलतात. मी त्यांच्या पायाच्या बोटांचा रंग पाहत असते. सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली, ती थोडी पांढुर्ण्यात आणि बरीचशी सौसरला. त्या नोकरीने मला लावलेली ही खोड आहे, आता जाणार नाही.

नोकरीतलं काही लिहा म्हणून मागणी आली तेव्हा घरच्यांना वाटलं, मी गोटमारीवर लिहीन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याची माणसं, दुसऱ्या काठावर सावरगावची, आणि मधे उडणारे दगड. त्या दिवशी आमच्याकडे फुटलेल्या डोक्यांची रांग लागे. एकमेकांना मारणारे शेजारीशेजारी बाकावर बसून टाके घालून घेत आणि एकमेकांच्या घरची विचारपूसही करत. पण त्या रक्ताची मला कधी धास्ती वाटली नाही. वाहणारं रक्त दिसतं. त्यावर बोळा दाबता येतो, टाका घालता येतो, आणि थोड्या वेळाने गुठळी धरली की ते आपलं आपण थांबतं. जखमेवरची गुठळी ही देवमाणसासारखी असते. ती नसती तर भाजी चिरताना बोट कापलं तरी माणूस गेला असता.

मला धास्ती वाटे ती न वाहणाऱ्या रक्ताची. तीच गुठळी धमनीच्या आत, जिथे जखम दिसत नाही तिथे बसली की देवमाणसाचा वैरी होतो. धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त घेऊन जाणारी वाट. हृदयाच्या स्वतःच्या धमनीत गुठळी अडकली की हार्ट अटॅक, मेंदूच्या धमनीत अडकली की लकवा, पायाच्या धमनीत अडकली की पाय काळा. आज हे शाळेतली मुलंही सांगतील. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात या तिन्हींना वेगवेगळी नावं होती. छातीत दुखलं तर गॅस, तोंड वाकडं झालं तर वारं, आणि पाय काळा पडला तर कुणीतरी केलेली करणी.

मला हे समजावलं ते डॉ. सरोद्यांनी. सौसरला ते आले तेव्हा तरुण होते, फार बोलत नसत आणि रागावले की आणखीच हळू बोलत. एकदा बाह्यरुग्ण विभागात एका म्हाताऱ्याला तपासताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझी दोन बोटं त्याच्या पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या शिरेच्या जरा बाजूला ठेवली. बोटांखाली काहीतरी हलकेच टकटकलं. इतकी वर्षं मनगटं धरली होती, पायातही नाडी लागते हे मी पुस्तकात वाचलं होतं, बोटाने कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मनगटाची नाडी सगळेच पाहतात, बाई. पावलाची पाहायला वाकावं लागतं."

तेव्हापासून मी वाकू लागले.

सुखदेव आला तो थंडीच्या दिवसांत. लोधीखेड्याजवळच्या एका संत्र्याच्या बगीच्यात तोडीचं काम करायचा. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, काटक, शिडीवर चढून शेंड्याची फळं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. बायको कौतिका त्याला खांद्याचा आधार देऊन घेऊन आली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मोठे फोड आले होते, अंगठ्याचं टोक काळपट दिसत होतं.

"भाजलं कशानं?" मी विचारलं.

"काही नाही बाई. पाय गार पडून राहिला होता, म्हणून आईनं गरम विटेनं शेकला," सुखदेव म्हणाला. "शेकता शेकता भाजला."

"भाजेपर्यंत कळलं नाही?"

"कळलं असतं तं काढला नसता का?" तो हसला. दुखत असतानाही त्याला हसायची सवय होती.

कौतिका हसली नाही. "बाई, हे आजचं नाही. चालता चालता हे थांबून राहिले दिवाळीच्या आधीपासून. पोटरी धरून उभे राहतात. लोकायले वाटते का बिडी प्याले थांबले."

"मग काय करतो उभा राहून?"

"बिडी पिते," ती म्हणाली.

मी वाकून पावलावर बोटं ठेवली. मग घोट्याच्या मागे ठेवली. काहीच नव्हतं. पाय इतका गार की विहिरीच्या दगडावर हात ठेवावा तसा. दुसऱ्या पायाची नाडी होती, पण तीही बारीक. मी डॉक्टरांना हाक मारली.

त्यांनी सुखदेवला खाटेवर आडवं केलं आणि त्याचा पाय वर उचलून धरला. बघता बघता पाय भिजवलेल्या कणकेसारखा पांढरा झाला. मग त्याला बसवून पाय खाली सोडला, तर तो हळूहळू जांभळा लाल होत गेला. कौतिका हे डोळे मोठे करून पाहत होती. तिला वाटलं असणार, डॉक्टरही काही मंत्र जाणतात. त्याआधी ती त्याला जामसांवलीच्या मारुतीला घेऊन जाऊन आली होती, घरचे म्हणत होते करणी आहे. मी बौद्ध घरातली, पण त्यावरून मी तिला कधी हिणवलं नाही. तिथल्या ओसरीवर बसून अस्वस्थ माणसं शांत झालेली मी पाहिली आहेत. मन तिथे थांबतं. पायाचं दुखणं थांबत नाही, एवढंच.

"बिडी किती पितोस?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळे पितात तेवढी."

"सगळ्यांचे पाय मी नाही पाहिले. तुझा पाहिला."

मग ते स्टूल ओढून बसले आणि त्याच्याच धंद्यातलं उदाहरण देऊन सांगू लागले. बगीच्याच्या पाटात माती साचली तर शेवटचं झाड वाळतं. तुझ्या पायाच्या धमनीत अशा गुठळ्या साचल्या आहेत. बिडीच्या धुराने धमनी आतून सुजते, अरुंद होते आणि सुजल्या जागी रक्त गोठतं. अंगठा हे शेवटचं झाड. जिथे रक्त पोचत नाही तिथे पाय गार पडतो, चालताना पोटरीला रक्त पुरत नाही म्हणून पेटके येतात, आणि बाहेरून ऊब दिली तर ती वाहून न्यायला रक्त नसतं, म्हणून शेकता शेकता भाजतं.

सुखदेवने सगळं नीट ऐकलं. "मंग माती काढून टाका ना साहेब. आमी तं फावड्यानं काढतो."

"इतका बारीक पाट खरवडता येत नाही. पण शेजारून छोटे छोटे पाट फुटतात. शरीर ते आपलं आपण करतं, वेळ दिला तर. तू रोज नवी माती टाकून राहिला, तर कसे फुटतील?"

सुखदेव पायाकडे पाहत राहिला. बोलली ती कौतिका. अगदी हळू आवाजात. "साहेब, बिड्या मी वळते."

तिचं माहेर भंडाऱ्याकडचं. लहानपणीच मांडीवर सूप घेऊन तेंदूच्या पानात जर्दा भरून दोरा बांधायचं तिच्या बोटांत बसलं होतं, आणि लग्न होऊन इकडे आली तरी एका ठेकेदाराकडून पानं आणून घरी वळत होती. "माह्याच हातच्या पिते हा," ती म्हणाली.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "तू वळल्यानं काही झालं नाही. त्यानं ओढल्यानं झालं."

"पण सूप तं माह्याच मांडीवर असते ना," कौतिका म्हणाली.

सुखदेवला भरती करून घेतलं. चार दिवसांनी ती त्याचा डबा घेऊन आली तेव्हा तिच्या नखांत जर्द्याचा पिवळेपणा होता, पण बोटांना संत्र्याच्या सालीचा वास येत होता. ठेकेदाराचं सूप आणि कात्री तिने परत करून टाकली होती आणि लाकडी पेट्यांत गवत घालून संत्री भरायच्या कामाला लागली होती. उभ्याने करायचं काम, हाताला गारठा. मी म्हटलं, "त्याला सांगितलंस?" ती म्हणाली, "त्याले कायले सांगू? त्याचं त्याले कळलं पाहिजे."

त्याला कळायला वेळ लागला. अंगठा वाचणारा नव्हताच, डॉक्टरांनी तो काढला. त्यानंतर सुखदेवने बजरंगबलीची शपथ घेऊन बिडी सोडली असं जाहीर केलं. वॉर्डातल्या लोकांनी त्याचं कौतुक केलं. मीही केलं. पण जखम खोटं बोलत नाही. मी रोज ड्रेसिंग करायची तेव्हा कड कोरडी, राखाडी, तळाला चिकट पांढरा थर, आणि दर दोन दिवसांनी काळेपणा थोडा वर सरकलेला. दुखणं असं की त्याला आडवं झोपता येत नसे. पाय खाली सोडला की थोडं रक्त उतरायचं, म्हणून तो खाटेच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा.

एका दुपारी मी त्याला पाण्याच्या टाकीमागे पकडलं.

"एकच होती, बाई."

"मला काय सांगतोस? तुझ्या पायाला सांग."

रागावून उपयोग नव्हता हे मला माहीत होतं. बिडीची तलफ काय असते ते मी माझ्या वडिलांच्या खोकल्यात पाहिलेलं होतं. पण डॉक्टरांनी त्या संध्याकाळी सुखदेवच्या पोटरीवर बोट ठेवून मला जागा दाखवली आणि म्हणाले, "नागपूरला पाठवावं लागेल. गुडघ्याखालून काढतील. उशीर केला तर गुडघाही जाईल." आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गाडीने न्यायचं ठरलं. शिडीवर चढणाऱ्या माणसाला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते कौतिकाला सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला नाही की भिंतीला टेकली नाही. तिने विचारलं, "अजून किती वेळ आहे?"

आता इथे मला लटारूजींबद्दल सांगायला हवं. सौसरच्या आठवडी बाजारात सुयादोरे, कंगवे, आरसे विकायचे. सुखदेवच्याच आजाराने दोन्ही पाय मांडीपासून गेलेले. चाकं लावलेल्या फळीवर बसून हातांनी जमीन ढकलत फिरायचे. माझं सर्वांत भांडखोर गिऱ्हाईक. डॉक्टरांनी त्यांना कितीतरी वेळा समजावलं होतं, मीही. हाताच्या बोटांचं ड्रेसिंग करायला येत आणि मला म्हणत, "बाई, पायच नाही तं पायाची नाडी पाहाची तुमची कटकट मिटली पा." ड्रेसिंग संपलं की दवाखान्याच्या पायरीखाली जाऊन आधी बिडी पेटवत. दोन बोटं उरली होती, त्यांत बिडी बरोबर बसायची.

त्या दिवशी ते ड्रेसिंगला आले असताना कौतिकाने त्यांना पाहिलं. मला विचारलं, यांचे पाय कायनं गेले. मी सांगितलं. ती बाहेर गेली आणि त्यांच्यासमोर पायरीवर बसून काहीतरी बोलत राहिली. मग पाहते तर फळीला बांधलेली दोरी कौतिकाच्या हातात, आणि ती लटारूजींना ओढत पुरुषांच्या वॉर्डात घेऊन निघालेली. नियमाप्रमाणे मी अडवायला हवं होतं. मी दार उघडून धरलं.

सुखदेव पाय लोंबकळत ठेवून बसला होता. लटारूजींची फळी त्याच्या पायाशी येऊन थांबली. त्यांनी वर पाहिलं.

"मी तुले सोड म्हणाले नाही आलो," लटारूजी म्हणाले. "मी स्वतः सोडली नाही, मी कोण्या तोंडानं सांगू? तुही बायको म्हणे, फक्त दाखवून द्या. म्हणून आलो. पाहून घे."

सुखदेवने मान दुसरीकडे वळवली.

"इकडे पाह्य. पहिले अंगठा गेला माहा. म्या म्हटलं, अंगठ्याचं काय काम पडते माणसाले? मंग पाऊल गेलं. मंग पाय. मंग दुसरा. दर वेळी मले वाटे का जे जायचं होतं ते गेलं, आता नाही जात." त्यांनी उजवा हात वर केला. मी नुकतीच बांधलेली पट्टी पांढरीशुभ्र होती. "आता घास नाही उचलता येत मले. सून भरवते. बिडी मात्र उचलता येते."

बराच वेळ सुखदेव त्या हाताकडे पाहत होता. मग त्याने उशीखाली हात घातला, बिडीचं बंडल आणि काडेपेटी काढली आणि कौतिकाच्या हातात दिली.

लटारूजींनी लगेच हात पुढे केला. "आण इकडे. वाया कायले घालवता?"

कौतिकाने दिलं नाही. मागच्या अंगणात जुन्या पट्ट्या जाळायचा खड्डा होता, तिथे ती जाऊन आली. लटारूजी तिला जाताना आणि येताना पाहत राहिले. मग स्वतःच फळी वळवून बाहेर गेले.

नागपूरची गाडी डॉक्टरांनी एका आठवड्याने पुढे ढकलली. "एवढीच मुदत," म्हणाले. तो आठवडा वॉर्डातलं कुणी विसरलं नसेल. हसरा सुखदेव सगळ्यांच्या अंगावर येई. एकदा त्याने ताट भिरकावलं, एकदा मला असं काही बोलला की नंतर दोन दिवस माझ्याकडे पाहायला लाजत होता. हात थरथरत, घाम येई. कौतिका काम सोडून त्याच्या खाटेशी बसून असायची. तलफ आली की संत्र्याच्या सालीचा तुकडा त्याच्या हातात द्यायची आणि तो कडू तोंड करून चघळायचा. ती समजूत घालत नव्हती, रडत नव्हती, उपदेश तर अजिबात नाही. डॉक्टर मला म्हणाले, "माझ्याजवळ या आजारावर याहून मोठं औषध नाही." त्यांनी अ‍ॅस्पिरिन चालू ठेवलं होतं, दुखण्याची औषधं देत होते, पाय कापसात गुंडाळून ठेवायला लावत होते. पण ते बोलले ते खरं होतं.

आठवडा संपत आला त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे पट्टी सोडली. आतला गॉज जरा चिकटला होता, मिठाच्या पाण्याने भिजवून सोडवला. आणि जखमेच्या कडेला एक थेंब दिसला. लाल, ताजा. मी पुसला. तो पुन्हा आला.

उभ्या नोकरीत मी रक्त थांबवत आले होते. त्या दिवशी ते यावं म्हणून मी वाट पाहत होते, आणि ते आलं तेव्हा बोळा हातात धरून नुसती पाहत राहिले. सुखदेव घाबरला. "काय झालं बाई? रक्त काऊन येऊन राहिलं?"

"पाणी आलं शेवटच्या झाडाला," मी म्हटलं.

डॉक्टर आले, वाकले, भिंगाने पाहिलं. तळाला लाल दाणे दिसत होते, डाळिंबाच्या दाण्यांसारखे. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि कंपाउंडरला नागपूरची गाडी नको म्हणून सांगायला पाठवलं. कौतिकाला काय झालं ते कळलं नव्हतं. मी तिला जवळ बोलावून तो लाल ठिपका दाखवला. तिने एकदा जखमेकडे पाहिलं, एकदा सुखदेवकडे, आणि मग ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. त्या सगळ्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली, तेही आमच्यासमोर नाही.

पावलाची नाडी कधी परत आली नाही. मोठी वाट बंद झाली ती झालीच. पण शेजारच्या बारीक वाटांनी पाय जगवला. दोन महिन्यांत जखम भरली. पुढे नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, तिथल्या सर्जननेही पाय ठेवायचाच सल्ला दिला. सुखदेवचं शिडी चढणं मात्र सुटलं. मालकाने त्याला फळं निवडायच्या कामावर घेतलं, बायकोच्याच शेजारी.

लटारूजींना मी वाचवू शकले नाही. वर्षभराने त्यांना छातीत कळ येऊन आणलं, घामाने ओलेचिंब. या वेळी गुठळी हृदयाच्या धमनीत होती. तेव्हा आमच्याजवळ ऑक्सिजन, दुखणं कमी करायचं इंजेक्शन आणि जिभेखालची गोळी एवढंच होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आमच्या गावापर्यंत यायला अजून वेळ होता. जाण्याआधी त्यांनी मला विचारलं, "तो पोट्टा पिते का अजून?" मी नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणाले. आज इतक्या वर्षांनी त्या इंजेक्शनबद्दल वाचते तेव्हा मला त्यांची फळी आठवते.

मग माझी बदली पांढुर्ण्याला झाली. सुखदेवच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं तेव्हा कौतिका स्वतः बसने येऊन आमंत्रण देऊन गेली, म्हणून मी लोधीखेड्याला गेले. मांडवात सतरंजीवर वरपक्षाची मंडळी बसली होती. त्या काळी पाहुण्यांपुढे थाळी फिरवायची रीत होती, पानसुपारी आणि बिडीकाडीची. इथे कौतिकाने पुढे केलेल्या थाळीत आमच्याकडची सोप म्हणजे बडीशेप, लवंगा आणि खडीसाखर होती.

नवऱ्या मुलाचे मामा, जाड मिशांचे, थाळीकडे पाहून म्हणाले, "बिडी नाही का? पाहुण्याचा मान असा ठेवता तुमी?"

बोलणं हळू होतं, पण सगळ्यांनी ऐकलं. लग्नघरात वरपक्ष रुसला की काय होतं हे सांगायला नको. नवरीच्या आईने घाबरून कुणाला तरी दुकानाकडे पिटाळायला सुरुवात केली. तेवढ्यात सुखदेव आला. तो कापडी बूट घालायचा, उजव्यात पुढे कापूस भरलेला. तो मामांच्या समोर सतरंजीवर बसला, बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढे ठेवला.

"मामाजी," तो म्हणाला, "तुमचा मान ठेवाचा आहे, म्हणूनच नाही ठेवली."

मामांनी त्या पायाकडे पाहिलं. अंगठ्याच्या जागी गुळगुळीत, चकचकीत कातडी होती. कुणीतरी मुलं हाकलली. मामा जरा पुढे वाकले.

"दुखते का अजून?" त्यांनी विचारलं.

"नाही. चालतो आता."

मामांनी थाळीतून चिमूटभर सोप उचलली, तोंडात टाकली आणि थाळी शेजारच्या माणसाकडे सरकवली. त्याने घेतली, त्याच्या पुढच्याने घेतली. सुखदेव मोजा चढवत होता. थाळी फिरून कौतिकाकडे परत आली तेव्हा जवळजवळ रिकामी झाली होती. तिने ती पुन्हा भरली आणि दुसऱ्या रांगेकडे गेली.